मिथेनची ज्वलन एन्थाल्पी −८९० की −८०२?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीच्या पुस्तकात मिथेनची प्रमाण ज्वलन एन्थाल्पी −८९० किलोज्यूल प्रति मोल दिली आहे. बंध ऊर्जांचा तक्ता घेऊन गणित केलं तर −८०२ येते. कॉलेजात स्पिरिटचा दिवा लावून इथेनॉलची मोजली तर छापील आकड्याच्या जेमतेम निम्मी भरली. यातलं खरं कोणतं? शिवाय जीवशास्त्रात ‘बंध तुटला की ऊर्जा मुक्त होते’ असं शिकलो, मग इथे बंध तोडायला ऊर्जा द्यावी का लागते?

−८९० आणि −८०२ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते एकाच अभिक्रियेचे नाहीत, एवढंच.

ज्वलन एन्थाल्पी म्हणजे दोन स्थितींमधला, स्थिर दाबाला उष्णतेच्या रूपाने दिसणारा ऊर्जेचा फरक; वजा चिन्ह म्हणजे उष्णता बाहेर पडते. आधीच्या स्थितीत एक मोल इंधन आणि त्याला पुरेल इतका ऑक्सिजन असतो. नंतरच्या स्थितीत ज्वलनातून तयार झालेले पदार्थ असतात, पुन्हा सुरुवातीच्याच तापमानाला आणलेले. मधल्या काळात ज्योत किती तापली याला या हिशेबात जागा नाही. ‘प्रमाण’ म्हटलं की दाब १ बार आणि प्रत्येक पदार्थ त्याच्या प्रमाण अवस्थेत. तक्त्यातले आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसचे असतात, आणि २५ अंशांना पाणी द्रव असतं. म्हणून पुस्तकातल्या −८९० मध्ये तयार झालेलं पाणी द्रवरूप धरलं आहे. बंध ऊर्जांचं (म्हणजे रेणूतले बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जांचं) सगळं गणित मात्र वायुरूप रेणूंसाठी असतं, त्यामुळे त्यातून येणारं पाणी ही वाफ असते. एक मोल वाफेचं २५ अंशांना पाणी होताना ४४ किलोज्यूल बाहेर पडतात. मिथेनच्या एका मोलमधून पाण्याचे दोन मोल तयार होतात, म्हणजे ८८. आता ८०२ मध्ये ८८ मिळवून पाहा.

या ८८ किलोज्यूलला व्यवहारातही महत्त्व आहे. इंधनाचं ‘उच्च’ आणि ‘निम्न’ उष्मांक मूल्य असे दोन आकडे कारखान्यांच्या कागदपत्रांत दिसतात, ते यामुळेच. मिथेनसाठी ते ग्रॅमला सुमारे ५५.५ आणि ५०.० किलोज्यूल आहेत. धुराड्यातून वाफ वाफ म्हणूनच निघून जात असेल, तर वरचे साडेपाच किलोज्यूल तुमच्या हाती लागत नाहीत.

अवस्था लिहिण्याचा आग्रह आम्ही शिक्षक इतका का धरतो, याचं उत्तर इथे मिळतं. समीकरणात पाण्यापुढे ‘द्रव’ की ‘वायू’ हे लिहिलं नसेल तर ते समीकरण अपुरं आहे आणि त्याच्यापुढे लिहिलेल्या आकड्याला अर्थ नाही. घन पदार्थांतही हेच. ग्रॅफाइटची ज्वलन एन्थाल्पी −३९३.५, हिऱ्याची −३९५.४. दोन्ही शुद्ध कार्बन, दोन्हींचा कार्बन डायऑक्साइडच होतो. सुरुवातीची स्थिती वेगळी म्हणून १.९ चा फरक.

आता बंधांकडे वळू. मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट इथेच वाटते आणि वर्गात नेमकी तीच घाईत उरकली जाते.

बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. याला अपवाद नाही. बंध म्हणजे दोन अणू एकत्र राहिल्याने त्यांची एकूण ऊर्जा कमी झालेली अवस्था; त्यांना वेगळं करायचं तर ती कमी झालेली ऊर्जा परत भरावी लागणार. ऊर्जा बाहेर पडते ती नवा बंध तयार होताना. मिथेनसाठी हिशेब मांडू. तोडायचे बंध: कार्बन–हायड्रोजनचे चार, प्रत्येकी ४१३ म्हणजे १६५२, ऑक्सिजनच्या दोन रेणूंतले दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ४९८ म्हणजे ९९६. एकूण २६४८ किलोज्यूल दिले. नवे बंध: कार्बन डायऑक्साइडमधले दोन कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९ म्हणजे १५९८, पाण्याच्या दोन रेणूंतले चार ऑक्सिजन–हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४६३ म्हणजे १८५२. एकूण ३४५० मिळाले. २६४८ वजा ३४५०, म्हणजे −८०२.

इथवर सगळे येतात आणि थांबतात. पुढचं पाऊल टाकून पाहा. हाच हिशेब बंधातल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीमागे करा. एकेरी बंधात एक जोडी असते, दुहेरीत दोन. मग कार्बन–हायड्रोजनच्या जोडीला ४१३ पडतात, पाण्यातल्या ऑक्सिजन–हायड्रोजनच्या जोडीला ४६३, कार्बन डायऑक्साइडमध्ये जोडीमागे जवळजवळ ४००, आणि ऑक्सिजनच्या रेणूत जोडीमागे फक्त २४९. जोड्यांची संख्या दोन्ही बाजूंना आठच आहे. इंधनातले चार बंध ४१३ चे, म्हणजे चांगले मजबूत, कार्बन डायऑक्साइडमधल्या जोड्यांपेक्षा किंचित जास्तच. या सगळ्या यादीत कमकुवत एकच आहे: ऑक्सिजनचा दुहेरी बंध.

म्हणून ‘इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि ते तुटले की ती मोकळी होते’ हे वाक्य मला अतिशय खटकतं. अनेक पाठ्यपुस्तकांत ते आहे, आणि एकदा मनात बसलं की पुढचं सगळं ऊष्मागतिकीशास्त्र कठीण होऊन बसतं. इंधनातले बंध तगडे आहेत. ऑक्सिजनचे अणू एकमेकांना सैल धरून आहेत आणि कार्बन किंवा हायड्रोजन भेटला की त्याला घट्ट धरतात. सैल पकडीकडून घट्ट पकडीकडे जाताना सुटते ती ज्वलनाची उष्णता. हवेत ऑक्सिजन फुकट आणि सगळीकडे मिळतो, पैसे मोजावे लागतात ते इंधनाला, म्हणून आपण सगळी ऊर्जा इंधनाच्या नावावर जमा करतो.

हे पडताळून पाहणं सोपं आहे. ज्वलन एन्थाल्पीला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मोलसंख्येने भागा. मिथेन: ८९० भागिले २, म्हणजे ४४५. प्रोपेन: २२२० भागिले ५, म्हणजे ४४४. ब्यूटेन: २८७८ भागिले ६.५, ४४३. बेंझीन: ३२६८ भागिले ७.५, ४३६. इथेनॉल: १३६७ भागिले ३, ४५६. ग्लुकोज: सुमारे २८०५ भागिले ६, ४६७. गॅस, द्रव, साखर, अल्कोहोल, वलयी संयुग. इंधनं इतकी निरनिराळी, तरी ऑक्सिजनच्या मोलमागे उष्णता जवळपास तीच. ही नियमितता ब्रिटनमधल्या डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी १९१७ मध्ये मांडली. आज आगीच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळांत जळणाऱ्या फर्निचरची किंवा प्लॅस्टिकची उष्णता याच नियमाने मोजतात: धुरात ऑक्सिजन किती कमी झाला ते पाहायचं आणि ऑक्सिजनच्या किलोग्रॅममागे १३.१ मेगाज्यूलने गुणायचं. काय जळतंय हे नेमकं ठाऊक नसलं तरी चालतं.

अपवाद आहेत आणि तेही शिकवून जातात. हायड्रोजनला भागून पाहिलं तर ५७२ येतात, कारण त्याचे सगळे नवे बंध ४६३ वाले असतात आणि वर पाणी द्रवरूप झाल्याची भर पडते. ॲसिटिलीनचे ५२० येतात. तिथे तिहेरी बंधातल्या जोड्या खरोखरच तुलनेने सैल आहेत. दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. त्याचा तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा. नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू करायचे तर ९४५ अधिक ४९८ द्यायचे आणि ६३१ च्या दुपटीने, म्हणजे १२६२ मिळवायचे: १८१ किलोज्यूलचा तोटा. अभिक्रिया ऊष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी. आपल्या वातावरणात ठिणगी पडली तरी हवा पेट घेत नाही, त्यामागे हा हिशेब आहे.

जीवशास्त्रातल्या एटीपीबद्दल, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूबद्दल, एवढंच सांगतो. तिथेही फॉस्फेटचा बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे बंध बनतात आणि तयार झालेले आयन पाण्यात ज्या प्रकारे स्थिरावतात, त्या सगळ्याची गोळाबेरीज ऊर्जा देणारी ठरते. ‘बंध तुटून ऊर्जा मिळाली’ हे त्या संपूर्ण अभिक्रियेचं आखूड केलेलं वाक्य आहे. परीक्षेत ते रसायनशास्त्राच्या पेपरात लिहू नका.

बंध ऊर्जांच्या गणितावर भरवसा किती ठेवायचा? मिथेनला उत्तर तंतोतंत आलं, यात थोडा योगायोग आहे. काही तक्त्यांत ४१४ आणि ८०४ हे आकडे असतात, ते घेतले तर −८०८ येईल. तक्त्यातली बंध ऊर्जा ही अनेक संयुगांवरून काढलेली सरासरी असते. खुद्द मिथेनमधला पहिला हायड्रोजन काढायला ४३९ किलोज्यूल लागतात आणि चारही काढण्याची सरासरी ४१६ च्या आसपास आहे. इथेनॉलचं करून पाहा: तोडायला ४७२७, जोडताना ५९७४, उत्तर −१२४७. वायुरूप इथेनॉल जळून वाफ होण्याचा खरा आकडा −१२७७ च्या जवळ आहे. अडीच टक्क्यांचा फरक. अंदाजाला उत्तम, नेमक्या उत्तराला अपुरा.

नेमकं उत्तर हवं तर हेसचा नियम. जर्मेन हेस यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४० साली तो मांडला: अभिक्रिया एका टप्प्यात करा की दहा टप्प्यांत, दोन टोकं तीच असतील तर एकूण उष्णता तीच. ज्वलन एन्थाल्पीचा खरा उपयोग या नियमामुळे होतो. ग्रॅफाइट अर्धवट जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइडच मिळावा, असा प्रयोग नीट जमत नाही. काही ना काही डायऑक्साइड होतोच. पण ग्रॅफाइटची −३९३.५ आणि कार्बन मोनॉक्साइडची −२८३.० मोजता येते. वजाबाकी करा: −११०.५. कधीही थेट न मोजलेली संख्या हातात आली. कार्बन आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवण्याची एन्थाल्पीही तशीच काढतात: −३९३.५, अधिक हायड्रोजनच्या −२८५.८ ची दुप्पट, वजा मिथेनची −८९०.३. उत्तर −७४.८.

याच जागी दर वर्षी निम्मा वर्ग चिन्हात चुकतो. निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून पदार्थ बनवण्याच्या) दिल्या असतील तर ‘उत्पादिते वजा अभिक्रियाकारके’ आणि ज्वलन एन्थाल्पी दिल्या असतील तर ‘अभिक्रियाकारके वजा उत्पादिते’. हे पाठ करण्याऐवजी शून्य कुठे आहे ते पाहा. निर्मितीच्या मोजणीत मूलद्रव्यं शून्यावर असतात आणि तिथून आपण पदार्थापर्यंत जातो. ज्वलनाच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइड आणि द्रव पाणी शून्यावर असतात, कारण ते आणखी जळत नाहीत, आणि पदार्थापासून आपण त्या शून्यापर्यंत जातो. एकीत शून्यापासून सुरुवात, दुसरीत शून्यावर शेवट. समुद्रसपाटीपासून महाबळेश्वराला चढण्याचा आकडा आणि महाबळेश्वराहून समुद्रसपाटीला उतरण्याचा आकडा, एवढाच चिन्हाचा भेद. हे डोळ्यांपुढे आलं की सूत्र आठवावं लागत नाही.

शेवटची स्थिती नीट न पाहिल्याने होणारा घोटाळा अन्नाच्या कॅलरींतही दिसतो. ग्लुकोज शरीरात पायरीपायरीने ‘जळो’ किंवा उष्मामापीत (उष्णता मोजण्याच्या उपकरणात) एका क्षणात, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होतं. ग्रॅमला सुमारे १५.६ किलोज्यूल, म्हणजे ३.७ किलोकॅलरी दोन्हीकडे सारखे. प्रथिनांचं तसं नाही. उपकरणात त्यांच्यातला नायट्रोजन मुख्यतः नायट्रोजन वायू होऊन सुटतो, शरीरात तो युरिया होऊन लघवीवाटे जातो. युरियाची ज्वलन एन्थाल्पी −६३२ किलोज्यूल प्रति मोल आहे. तेवढा भाग शरीराला मिळतच नाही. म्हणून प्रथिनांचा पोषणातला आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा बराच कमी धरतात.

आता मोजणीकडे येऊ. तक्त्यातले बहुतेक आकडे बॉम्ब उष्मामापीतून येतात. जाड पोलादी डबा, आत सुमारे ३० पट वातावरणीय दाबाचा ऑक्सिजन, विजेच्या बारीक तारेने पेटवलेली गोळी, भोवती मोजून घेतलेलं पाणी. दाबाखालच्या ऑक्सिजनमुळे ज्वलन पूर्ण होतं आणि सगळी उष्णता पाण्यात आणि डब्यातच राहते. उपकरण किती उष्णतेने किती तापतं हे आधी बेंझॉइक आम्ल जाळून ठरवतात, कारण ते शुद्ध मिळतं, ओलावा धरत नाही आणि ग्रॅममागे त्याची उष्णता (२६.४३ किलोज्यूल) फार काटेकोरपणे माहीत आहे. डब्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून इथे मोजला जातो तो आंतरिक ऊर्जेतला बदल. एन्थाल्पी हवी तर त्यात वायूंच्या मोलसंख्येतला बदल गुणिले वायू स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान, एवढी भर घालायची. मिथेनला वायूचे तीन मोल जाऊन एक उरतो. बदल −२, दुरुस्ती जवळपास −५ किलोज्यूल. ८९० मध्ये पाच. छोटी दुरुस्ती आहे, पण पाणी द्रव धरून मोल मोजले का, हे तपासायला परीक्षकांना ती फार आवडते.

कॉलेजातला स्पिरिटच्या दिव्याचा प्रयोग याच्या अगदी उलट टोकाला आहे. समजा २०० ग्रॅम पाणी ३० अंशांनी तापलं आणि दिव्याचं वजन १.५ ग्रॅमने घटलं. पाण्याने घेतलेली उष्णता २०० × ४.१८ × ३०, म्हणजे २५.१ किलोज्यूल. १.५ ग्रॅम इथेनॉल म्हणजे ०.०३२६ मोल. भागाकार ७६९. छापील १३६७ च्या छप्पन्न टक्के. तुमचा आकडा असाच आला असेल, आणि त्यात तुमचा हलगर्जीपणा नाही. भांड्याच्या कडेने वर जाणारी गरम हवा सर्वांत मोठा वाटा घेऊन जाते. भांडं स्वतः तापतं, त्याची उष्णता हिशेबात धरलेली नसते. तळाला काजळी दिसली तर काही कार्बन न जळताच राहिला. स्पिरिटमध्ये पाणी असतं, बाजारातल्यात मिथेनॉलही मिसळलेलं असतं, आणि दिवा विझवल्यावर वातीवरून जे उडून जातं ते आपण जळालं असं धरतो. यातली प्रत्येक चूक उत्तर कमीच करते, एकही वाढवत नाही. त्यामुळे दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी खऱ्या आकड्याजवळ पोहोचता येत नाही.

त्याच इथेनॉलचा प्रश्न आता पेट्रोल पंपावरही आला आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि गाडी कमी धावते अशी तक्रार ऐकू येते. मोलमागचे आकडे इथे कामाचे नाहीत, लिटरमागचे काढा. इथेनॉल: १३६७ भागिले ४६, ग्रॅमला २९.७ किलोज्यूल, घनता ०.७८९, म्हणजे लिटरला सुमारे २३.४ मेगाज्यूल. पेट्रोलऐवजी ऑक्टेन धरा: ५४७० भागिले ११४, ग्रॅमला ४८.०, घनता ०.७०, लिटरला सुमारे ३३.६. इथेनॉल सत्तर टक्क्यांवर. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागे ऊर्जा साधारण सहा टक्क्यांनी घटते. प्रत्यक्ष ॲव्हरेज इंजिनाच्या रचनेवरही ठरतं, तो भाग यांत्रिकीचा. पण ऊर्जा कमी का, हे वर आलंच आहे: इथेनॉलच्या रेणूत एक ऑक्सिजन आधीपासून बांधलेला आहे, त्यामुळे ग्रॅममागे हवेतून त्याला ऑक्सिजन कमी लागतो. ऑक्टेनच्या तुलनेत सुमारे साठ टक्के. उष्णताही तेवढ्याच आसपास.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो याच आकड्यांवरून होतो. ज्वलन एन्थाल्पी मोठी म्हणजे ज्योत जास्त गरम, असं नाही. इथेनची −१५६०, ॲसिटिलीनची −१३००, तरी वेल्डिंगला ॲसिटिलीन वापरतात. ज्योतीतलं पाणी वाफच असतं, म्हणून ४४ च्या पटी वजा करा: इथेनचे १४२८ राहतात आणि ते कार्बन डायऑक्साइडचे दोन व वाफेचे तीन अशा पाच मोलना तापवतात, मोलमागे २८६. ॲसिटिलीनचे १२५६ फक्त तीन मोलना, मोलमागे ४१९.

स्पिरिटच्या दिव्याकडे परत येतो, कारण तो प्रयोग सोडून द्यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. एकट्या इथेनॉलचा आकडा काढण्यासाठी तो करू नका. मिथेनॉल, इथेनॉल, १-प्रोपेनॉल आणि १-ब्यूटेनॉल असे चार दिवे भरा. तेच भांडं, तेवढंच पाणी, ज्योतीपासून तेवढंच अंतर आणि तेवढीच तापमानवाढ ठेवा. मिथेनॉलच्या वाफा विषारी असतात, म्हणून हवेशीर खोलीत आणि शिक्षकांसमोरच करा. ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा लावा आणि दिवा विझवताच टोपण घालून वजन करा. खरे आकडे आहेत −७२६, −१३६७, −२०२१ आणि −२६७६. प्रत्येक वाढीव कार्बनमागे ६४० ते ६५५ ची भर. तुमचे चारही आकडे कमी येतील, पण कार्बनच्या संख्येसमोर आलेखावर मांडले तर ते जवळपास सरळ रेषेत बसायला हवेत. ब्यूटेनॉलचा बिंदू रेषेखाली घसरला तर भांड्याचा तळ पाहा. तिथे काजळी जास्त धरलेली असेल.